आप्पांचा पाव फेरा

आप्पांकडे चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला दिला की सायकल दुसऱ्या दिवशीच मिळायची. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, कितीही ओळखीचं असो. "अहो, जरासंच तर डुगडुगतंय," असं कुणी म्हणालं, तर आप्पा चाक तसंच वाकडं जोडून परत द्यायचे आणि शांतपणे सांगायचे, "मग जरासंच पडाल."

दोन इमारतींच्या मधली आठ फुटांची फट, वर पत्रा, भिंतीला टांगलेल्या ट्यूबा आणि जमिनीवर वर्षानुवर्षांच्या ग्रीसचा काळा थर, एवढंच ते दुकान. तिथे आप्पांना काम करताना बघायला मात्र मजा यायची. सायकल उलटी उभी करायची, मागचं चाक एका बोटाने फिरवायचं, डोळा रिमच्या कडेला लावायचा. रिम जिथे एका बाजूला कलेल तिथल्या तारेचं टोक छोट्या पान्याने अर्धा फेरा आवळायचं आणि मग पाव फेरा मागे घ्यायचं. हा मागचा पाव फेरा ही आप्पांची खासियत होती. आवळताना तार स्वतःभोवती पिळली जाते. तो पीळ तसाच राहिला तर चाक आज सरळ दिसतं आणि चार दिवसांनी रस्त्यात पुन्हा वाकडं होतं. म्हणून अर्धा पुढे, पाव मागे. एकतीस वर्षं हाताला हेच वळण. ते इतकं मुरलं होतं की घरात बरणीचं झाकण लावतानाही हात थोडा मागे यायचाच, आणि मग बरणी आडवी झाली की बायकोच्या तोंडाचा पट्टा सुरू. "जगातली सगळी झाकणं लागतात. आमच्याच घरातली गळतात!"

ज्या सायकलीवर मागे लहान मूल बसायचं तिच्या मागच्या चाकाला आप्पा जाळी बसवून द्यायचे, न सांगता, न विचारता. गल्लीत लोक म्हणायचे, काय मोठ्या मनाचा माणूस आहे. मोठं मन वगैरे काही नव्हतं. त्यामागे अठरा वर्षांपूर्वीची एक दुपार होती.

लेक सहा वर्षांची होती. आप्पा तिला शाळेतून घेऊन येत होते. ती मागे कॅरिअरवर, पाय लोंबकळलेले, तोंडाची टकळी चालू. उतारावर तिचा डावा पाय चाकात गेला. त्या चाकाचा आउट आप्पांनी आदल्याच दिवशी काढला होता, एक तार ढिली नव्हती. एखादी ढिली असती तर पोरीला इतकं लागलं नसतं, असं त्यांना पुढे कित्येक वर्षं वाटत राहिलं. खरं-खोटं कोण जाणे. घोट्याच्या वरचं हाड मोडलं, ते जुळलंही, पण जिथून हाड वाढतं ती जागाच चिरडली गेली होती. उजवा पाय वाढत गेला आणि डावा मागे पडला. पंधराव्या वर्षी दोन पायांत चार सेंटिमीटरचं अंतर झालं.

लेकीने त्याचं कधी भांडवल केलं नाही. जाड तळव्याचा बूट घालून ती शिकली, शाळेत तिसरीच्या वर्गावर शिक्षिका म्हणून लागली. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माझ्या दोन पायांचं एकमेकांशी पटत नाही. मी आपली मध्यस्थी करत चालते." पण चोविसाव्या वर्षी तिची कंबर बोलायला लागली. फळ्यासमोर तासभर उभं राहिलं की पाठीतून कळ निघायची. बूट होता, पण बूट काही घरात, न्हाणीघरात चोवीस तास पायात राहत नाही, आणि वाकडं चालण्याची सवय तर त्याहून जुनी. पाय लांब करण्याची शस्त्रक्रिया असते हे तिनेच शोधून काढलं, डॉक्टर तिनेच गाठल्या आणि तारीख ठरल्यावरच घरी सांगितलं. "मला सरळ उभं राहायचंय, आप्पा. तेवढंच हवंय."

हाड कापायचं, हे आप्पांना मुळीच पटलं नव्हतं. पण पोरीने 'हवंय' असं कधी म्हटलंच नव्हतं, त्यामुळे 'नाही' कुठल्या तोंडाने म्हणणार?

डॉक्टरीणबाई रोखठोक होत्या. चष्मा कायम कपाळावर आणि बोलणं कायम मुद्द्यावर. "हाड मध्ये कापायचं. आठवडाभर तसंच ठेवायचं. मग रोज एक मिलिमीटर, असे दोन तुकडे एकमेकांपासून लांब न्यायचे. मधल्या फटीत शरीर नवं हाड भरत जातं, आधी मऊ, मग घट्ट. आपण त्याच्या एक पाऊल पुढे राहायचं. घाई केली तर हाड भरत नाही. रेंगाळलो तर ते मधेच घट्ट होऊन बसतं आणि पाय तिथेच अडकतो. मग पुन्हा कापायचं."

शस्त्रक्रियेनंतर चादर बाजूला केली तेव्हा लेकीच्या आईने तोंड फिरवलं, पण आप्पा मात्र पुढे वाकले. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पायाभोवती चार धातूच्या कड्या होत्या, आणि कड्यांमधून पायात आरपार गेलेल्या ताठ तारा. आप्पांनी न राहवून एका तारेच्या बाहेरच्या टोकाला नखाने हलकंच टिचकी मारली आणि कान दिला. "सारख्या ताणल्यात," ते म्हणाले. डॉक्टरीणबाई हसल्या. "हा माणूस मला माझ्याकडे कामाला हवाय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दहा नंबरचा पाना आप्पांच्याच हातात ठेवला.

मधल्या दोन कड्यांना आट्यांचे चार दांडे जोडत होते. प्रत्येक दांड्यावर एक चौकोनी नट, नटाच्या एका बाजूला सिस्टरने नखांना लावायच्या रंगाने लाल टिंब दिलेलं. दिवसातून चार वेळा, चारही नट पाव-पाव फेरा. टिंब दिवसभरात एक चक्कर पूर्ण करून समोर आलं की एक मिलिमीटर झाला. असे चाळीस दिवस फिरवायचं आणि नंतर काही महिने ते सगळं पायात नुसतं वागवायचं. "फक्त पुढे," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "उलटं कधीच नाही." एक तक्ता दिला. वरच्या रांगेत चार चौकटी, फिरवलं की खूण करायची. खालच्या चौकटीत दुखण्याचा आकडा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे याच्यापुढे काही असूच शकत नाही. "आकडा खरा सांगायचा. माझं औषध त्यावर ठरतं."

घरी खिडकीशी पलंग लावला. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि जेवणं झाल्यावर नऊ, अशा वेळा ठरल्या. आई लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला होती. ती निघण्याआधी प्रत्येक तारेची भोकं मिठाच्या निर्जंतुक पाण्याने पुसून काढायची आणि पुसताना सतत बोलत राहायची, जणू बोलणं थांबलं तर हात थांबेल. "एवढी तर मी कुणाच्या शर्टाची कॉलरसुद्धा पुसली नाही. हलू नकोस. हललीस तर तुझ्या आप्पांना सांगेन पाय परत चाकात घालायला." लेक हसायची. आई गेली की दुपारच्या फेऱ्याला घरात दोघंच असायची, बाप आणि लेक.

पहिले आठ दिवस बरे गेले. नऊ-दहा दिवसांनी खरं दुखणं सुरू झालं. हाड वाढायला तयार होतं. पण स्नायू, शिरा, कातडी यांना कुणी विचारलंच नव्हतं. पोटरी ताणून दगडासारखी झाली. पाऊल खाली ओढलं जायचं, ते पट्ट्याने वर बांधून ठेवावं लागायचं. तळव्यात मुंग्या, आणि मुंग्यांच्या मागून जळणं, इतकं की पंख्याच्या वाऱ्याने चादर हलली तरी तिला सोसायचं नाही. कुशीवर वळायची सोय नाही. झोप तुकड्यातुकड्यांनी. जेवणाचं ताट तसंच परत जायला लागलं आणि गालांची हाडं वर आली.

आणि आकडा विचारला की ती म्हणायची, "चार."

नट फिरवताना ती डोळे मिटून एकोणतीसचा पाढा म्हणायची. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. वर्गातल्या पोरांना हा पाढा कधीच येत नाही, म्हणून आपला पक्का करून ठेवते, असं तिचं म्हणणं. तोंडातून हूं नाही की चूं नाही. फक्त पाढ्याचा वेग वाढत जायचा, आणि चौथ्या नटाला आवाज इतका बारीक व्हायचा की आकडे कळायचे नाहीत. आप्पा तक्त्यात 'चार' लिहायचे. सायकलीला ठोक लागली तर पंधरा फुटांवरून ओळखणारा हा माणूस, त्याला हे कळत नव्हतं असं कसं म्हणायचं? कळत होतं. पण पोर एवढ्या हिमतीने 'चार' म्हणतेय, तर तो आकडा खोडायचा कसा, असं त्यांना वाटायचं. दुकानात ते अभिमानाने सांगायचे, "आमची लेक लहानपणापासून रडत नाही."

एका दुपारी तिसरा नट फिरवताना तिच्या मिटल्या डोळ्यांच्या कडेतून एक थेंब निघून कानात गेला. पाढा चालूच होता. आप्पांनी पाना पाव फेरा पुढे नेला आणि हात, एकतीस वर्षांचा तो हात, आपसूक थोडा मागे आला. त्याच क्षणी लेकीचं कपाळ सैल झालं. किंचितच, पण झालं. आप्पांनी ते पाहिलं.

आता खरं सांगायचं तर, पहिली वेळ सवयीची होती, दुसरी नव्हती. दुसऱ्या दिवशी आप्पांनी मुद्दाम मागे घेतला. 'चाकाला पीळ राहू देत नाही आपण, मग पोरीच्या पायाला का ठेवावा,' असं मनाशी एक कारणही तयार केलं, आणि ते त्यांना पटलंसुद्धा. प्रेमाने आंधळा झालेला माणूस किती हुशारीने विचार करतो, बघा. आणखी दोन-तीन दिवसांनी बाराचा फेरा नुसता दिखाव्याचा झाला. आप्पा पाना नटावर लावायचे, मनगट जरा हलवायचे, पाना काढायचे. चार वेळा. मग तक्त्यात खूण. लेकीचं दुपारचं जेवण सुधारलं. ती दोन वाजता तासभर झोपायला लागली, तोंड जरा उघडं, लहानपणी झोपायची तशी. आप्पा दुकानात परत जायच्या आधी दाराशी दोन मिनिटं उभे राहून ते बघायचे आणि तेवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. मग एखाद्या पाचच्या फेऱ्यालाही तसंच व्हायला लागलं.

जो माणूस आपण दुरुस्त केलेलं चाक अर्धा मिलिमीटर डुगडुगलं तरी बाहेर जाऊ देत नव्हता, तो रोज खोटी खूण करत होता.

नट फिरवायला लागल्यापासून एकविसाव्या दिवशी पायाचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडाच्या पाटीवर लावला, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पट्टीने मोजलं. मग पुन्हा मोजलं. "एकवीस हवेत. सतरा आहेत." फटीच्या दोन्ही कडांमधून पांढरे धागे एकमेकांकडे निघाले होते, आणि एका बाजूला ते जवळजवळ भेटले होते. "हे घट्ट होतंय." त्यांनी तक्ता बघितला. सगळ्या चौकटी भरलेल्या. त्या खाली वाकून एकेक नट हाताने चाचपायला लागल्या. "एखादा आटा झिजलाय का? असं व्हायला नको."

आप्पा पुढे झाले. ते तोंड उघडणार एवढ्यात लेक म्हणाली, "मीच सांगितलं त्यांना. दुपारचं फिरवू नका म्हणून. मला सोसत नव्हतं."

"खोटं बोलतेय ती," आप्पा म्हणाले. "तिला काही माहीत नाही. मीच फिरवत नव्हतो."

"माहीत होतं," लेक म्हणाली. तिने वर बघितलं नाही. "टिंब हलत नव्हतं, आप्पा. मला पलंगावरून दुसरं दिसतंच काय? पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बोलले नाही, कारण..." तिने पायाच्या एका कडीवरून बोट फिरवलं. "कारण बरं वाटत होतं."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली आणि दोघांच्या समोर बसल्या.

"तुम्ही खोट्या खुणा केल्यात," त्या आप्पांना म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. "आणि तू खोटे आकडे दिलेस. पोटरी बघ तुझी. हे चार आहेत? तीन आठवडे चार! चारावर मी तुला जे देते ते लोक डोकं दुखलं तर घेतात. खरा आकडा सांगितला असतास तर मी औषध बदललं असतं, चार दिवस वेग कमी केला असता, रोज व्यायामाला माणूस पाठवला असता. माझ्याकडे दहा उपाय होते. सोसल्याचं इथे बक्षीस मिळत नाही, बाई."

त्यांनी जे ठरवलं ते असं. औषध आजपासून बदलायचं, दिवसाआड व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी येणार. आणि पाच दिवस चारऐवजी सहा फेरे. नवं हाड अजून पूर्ण पक्कं नाही, ओढत राहिलं तर कदाचित सुटेल. सहाव्या दिवशी फोटो. फट उघडलेली दिसली तर पुढे नेहमीसारखं चालू. नाही दिसली तर पुन्हा टेबलावर, पुन्हा हाड कापायचं, पुन्हा पहिल्या दिवसापासून. "आणि दुखेल," त्या म्हणाल्या. "औषध देऊनही दुखेल. ते मी लपवणार नाही."

परतताना टॅक्सीत लेकीचा पाय मागच्या सीटवर आडवा, तिचं डोकं दाराशी ठेवलेल्या उशीवर, आणि आप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी. ते मागे न वळता म्हणाले, "सिस्टरला बोलावू घरी. मला नाही जमायचं हे."

"तुम्हीच फिरवायचं."

"बाळा, माझा हात ऐकत नाही."

"सिस्टर आली तर मी पुन्हा पाढा म्हणेन. परक्या माणसासमोर मला ओरडता येत नाही." तिने डोक्याखालची उशी सारखी केली. "तुमच्यासमोरही येत नव्हतं. तुम्हाला आठवतंय, लहानपणी प्लास्टर घालताना मी किंचाळले होते? तुम्ही दाराशी उभे होतात. तुम्ही खाली बसलात, आप्पा, भिंतीला धरून. दोन माणसांनी तुम्हाला उठवून बाहेर नेलं. मला वाटलं, मी ओरडले म्हणून आप्पा पडले. तेव्हा ठरवून टाकलं, की नाही ओरडायचं."

ड्रायव्हरने उगाच आरसा नीट केला.

अठरा वर्षं ज्याला आप्पा लेकीची हिंमत समजत होते, दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, ती एका सहा वर्षांच्या पोरीने बापाची घेतलेली काळजी होती. त्यांना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती, आणि लेकीवर इतकं प्रेमही. त्यांनी हात मागे केला. तिने तो धरला.

"आता मी ओरडणार," लेक म्हणाली. "आकडा खरा सांगणार. तुम्ही थांबायचं नाही."

आप्पांनी दुकानाला कुलूप लावलं आणि दारावर पाटी लटकवली, 'पाच दिवस बंद.' एकतीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. गिऱ्हाइकांना वाटलं, म्हातारा गेला की काय.

पहिल्या सकाळी सात वाजता नट जड लागला. आधी तो लोण्यातून फिरल्यासारखा जायचा, आता आतून कुणी तरी धरून ठेवल्यासारखा. आप्पांनी विचारलं, "किती?" लेक म्हणाली, "सात." आप्पांनी सात लिहिलं. दुसऱ्या नटाला ती ओरडली. घशात अडकून अडकून आलेलं, नवशिक्याचं ओरडणं. सवयच नव्हती ना! तिसऱ्या फेऱ्यापर्यंत मात्र तिला चांगलंच जमायला लागलं. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "कुणी मारतंय का पोरीला?"

"हो, तिचा बाप," आई म्हणाली. "या, बसा. चहा टाकते. अजून दोन नट बाकी आहेत."

आईला आप्पांनी सगळं सांगितलं होतं, खोट्या खुणांसकट. ती दोन तास बोलली नाही, आणि तिच्यासाठी दोन तास म्हणजे फार झालं. मग म्हणाली, "झाकणांवरूनच मला कळायला हवं होतं." एवढंच. संध्याकाळी तिने नवऱ्याच्या ताटात जास्तीचं वाढलं आणि पाठीवरून एकदा हात फिरवला. तिचा राग तेवढ्यावरच मिटला.

दिवस तसे वाईट गेले, पण एक गोष्ट आप्पांच्या ध्यानात आली. ओरडून झालं की लेक रिकामी व्हायची. पूर्वी पाढा म्हणून झाला की ती दात आवळून छताकडे बघत राहायची. आता ती रडायची, नाक पुसायची, डॉक्टरीणबाईंना दोन शिव्या हासडायची आणि पाणी मागायची. नव्या औषधाने ती सलग तीन तास झोपली. आकडा सातवरून नऊवर गेला, मग सहावर आला, पुन्हा आठ. तक्ता पहिल्यांदा खरा दिसायला लागला, खोडाखोड केलेला, वाकड्यातिकड्या आकड्यांचा. पण नट काही हलके होईनात. चौथ्या दिवसापर्यंत ते इतके जड झाले की आप्पांना पाना दोन्ही हातांनी धरावा लागायचा. हाड हट्टाला पेटलं होतं. हे सुटणार नाही, पोरीला पुन्हा कापणार, आणि ते माझ्यामुळे, एवढा एकच विचार आप्पांच्या डोक्यात भुंग्यासारखा फिरत होता.

चौथ्या दुपारी बारा वाजता दोघंच घरात होती. खिडकीतून खाली कुणी तरी कपडे आपटत असल्याचा आवाज येत होता. आप्पांनी पहिला नट फिरवला. "आठ." दुसरा. लेक उशी दोन्ही हातांनी धरून ओरडली. आप्पांनी तिसऱ्या नटावर पाना लावला, दोन्ही हातांनी जोर दिला. नट हलेना. मग हलला, पाव फेऱ्यातला निम्मा, आणि अचानक आतून, पायाच्या आतून, 'कट्' असा आवाज झाला.

लेक किंचाळली. ही किंचाळी आप्पांनी आयुष्यात एकदाच ऐकली होती, उतारावर. पाना नटावरच होता, आणि हात, तो गाढव हात, मागे यायला निघाला.

तो हाड सुटल्याचा आवाज होता. परवाच्या फोटोत फट स्वच्छ उघडलेली दिसणार होती आणि डॉक्टरीणबाई चष्मा कपाळावर सरकवून "सुटलात!" म्हणणार होत्या. पण त्या खोलीत त्या क्षणी हे कुणाला माहीत होतं? आप्पांना वाटलं, आपण पोरीचा पाय मोडला, दुसऱ्यांदा. त्यांनी डाव्या हाताने स्वतःचंच उजवं मनगट धरलं आणि हात होता तिथे रोखला. मग त्या पाव फेऱ्यातला उरलेला निम्मा भाग पुढे पूर्ण केला. पाना नटावरून काढला तेव्हा हातातून सुटून खाली पडला.

"किती?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"दहा! दहा, आप्पा! दहा!"

आप्पा पलंगाशी खाली बसले. भिंतीला धरून नव्हे, लेकीच्या पलंगाच्या कडेला धरून. ते रडत होते, मोठ्याने, नाक-डोळे एक करून, आणि तोंड फिरवायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. लेक रडत रडत त्यांच्याकडे बघत होती. दोघं एकाच वेळी, एकमेकांसमोर, असं कधीच रडली नव्हती. कितीतरी वेळ गेला. तिचा श्वास हळूहळू जागेवर यायला लागला. तिने बाहीने तोंड पुसलं, आणि वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला सांगावं तशा आवाजात म्हणाली,

"आप्पा, चौथा राहिलाय."

आप्पांनी जमिनीवरून पाना उचलला, चौथ्या नटावर लावला आणि पुढे फिरवला.